एका घरात दोन मधुमेह: स्वयंपाक एकच, ताटे वेगळी

घणसोलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र, ओळखीच्या खुणा वगळून आणि थोडे आटोपते करून, येथे देत आहोत.

"माझ्या यजमानांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गोळ्या व पथ्य यांवर त्यांची साखर चांगली राहते. जूनपासून माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आली आहे. ती वीस वर्षांची असून चिपळूणजवळच्या गावातली आहे. शाळेत असल्यापासून तिला टाइप १ मधुमेह आहे आणि दिवसातून चार वेळा ती इन्शुलिन घेते. मधुमेहाचा स्वयंपाक मला नवा नाही, म्हणून मी तिलाही यजमानांचेच पथ्य सुरू केले: भात व बटाटा बंद, रात्री एक भाकरी आणि पालेभाजी, सकाळी उठल्यावर मेथीचे पाणी. तरीही तिची साखर कधी रात्री ५४, तर कधी सकाळी २८०. दोनदा ती मध्यरात्रीच्या सुमारास घामाने भिजून उठली, तेव्हा घाबरून मी तिच्या हातात बेसनाचा लाडू ठेवला. 'मावशी, मला भात चालतो,' असे ती म्हणते, पण तो मला जिभेचा लाड वाटतो. त्यातच शेजारणीने तिला नेरुळ स्टेशनाबाहेर वडापाव खाताना पाहिले. तिला चालेल असा आठवडाभराचा आहाराचा तक्ता द्यावा. तसेच हे सर्व माझ्या बहिणीला कळवावे की कसे, तेही सांगावे."

आपण भाचीला आपल्या घरात घेतलेत, तिच्यासाठी पथ्याचा स्वयंपाक करता आणि रात्री तिच्यासाठी उठता, यातली आपली तळमळ पत्राच्या ओळीओळीत दिसते. त्यामुळे जे लिहिणार आहे ते आपण दोषारोप म्हणून वाचू नये. 'मधुमेहाचा स्वयंपाक मला नवा नाही' या आपल्या वाक्यापाशीच मला थांबावेसे वाटते, कारण आपला अनुभव खरा असला तरी तो दुसऱ्या आजाराचा आहे.

आपल्या यजमानांचा मधुमेह, वर्णनावरून पाहता, टाइप २ प्रकारचा आहे. या प्रकारात शरीर इन्शुलिन तयार करते, पण ते नीट वापरले जात नाही किंवा कालांतराने कमी पडू लागते, म्हणून ताटातला भात, पोळी, गोड कमी केले की शरीरावरचा भार हलका होतो. आपल्या भाचीच्या शरीरात स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केल्या आहेत. तिने जास्त गोड खाल्ले म्हणून हे झाले नाही आणि कमी खाल्ल्याने ते उलटणारही नाही. तिला बाहेरून इन्शुलिन घ्यावेच लागते, आणि एकदा टोचलेले इन्शुलिन ताटात किती अन्न आले याची वाट न पाहता आपले काम करत राहते. यजमानांच्या पथ्यात 'जितके कमी तितके बरे' हा नियम बऱ्याच अंशी खपून जातो. भाचीच्या बाबतीत तोच नियम धोक्याचा ठरतो.

आता त्या दोन रात्रींकडे पाहू. आपण पत्रात तिच्या इन्शुलिनचे युनिट लिहिलेले नाहीत, पण बहुधा तिचा जेवणाआधीचा डोस गावच्या ताटाच्या हिशेबाने ठरलेला असावा. कोकणातले रात्रीचे ताट म्हणजे समजा तांदळाची एक भाकरी, दीड वाटी भात आणि आमटी. त्यात सुमारे ९० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे ज्यांची रक्तात साखर होते ते पिष्ट व गोड, सहज होतात. आपल्याकडे एक ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास. ताट निम्म्याहून खाली आले आणि डोस तेवढाच राहिला असेल, तर मध्यरात्री ५४ दिसणे ही साधी वजाबाकी आहे. त्यावर दिलेल्या लाडवात साखर असते, पण तूपही भरपूर असते आणि तुपामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. त्या वेळात मुलगी घाबरून आणखी काहीतरी खाते, मग सगळे एकदम वर येते आणि सकाळी २८० दिसतात. दोन्ही आकड्यांमागे तिची बेशिस्त असेलच असे नाही, निदान पत्रातल्या तपशिलांवरून तरी तसे म्हणता येत नाही.

म्हणून पहिली विनंती अशी की तिचा भात आजच पूर्ववत सुरू करावा, आणि या आठवड्यातच तिच्या डॉक्टरांशी फोनवर का होईना बोलून घ्यावे. डोस कमी-जास्त करणे हे त्यांचे काम आहे. या सदरातून किंवा माझ्या-तुमच्या अंदाजाने युनिट बदलू नयेत. डॉक्टरांना सांगण्यासाठी चार-पाच दिवसांची साधी नोंद पुरते: किती वाजता किती युनिट घेतले, त्यानंतर काय आणि किती खाल्ले, जेवणाआधी व दोन तासांनंतर साखर किती होती.

टाइप १ मध्ये उपासमारीला उपचार मानण्याचा एक काळ होऊन गेला आहे. इन्शुलिन हाती येण्यापूर्वी डॉक्टर या मुलांना अत्यल्प अन्नावर ठेवत, कारण त्यांच्याकडे दुसरे काहीच नव्हते, आणि तरीही ती मुले फार काळ जगत नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या किशोरवयीन मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले आणि त्यानंतर या आजाराच्या आहाराचा विचारच पालटला. शंभर वर्षांनंतर आपल्या स्वयंपाकघरांत मात्र अजून तोच जुना विचार 'पथ्य' या नावाने वावरतो, आणि तो बहुधा टाइप २ च्या नातेवाइकांकडून येतो.

आठवडाभराचा तक्ता मी मुद्दाम देत नाही. सोमवारी काय आणि मंगळवारी काय हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. अडचण पदार्थांची नसून मापाची आहे. त्यासाठी डिजिटल वजनकाटा घ्यावा, लहान मिळतो आणि फार महाग नसतो. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि आपण रोज वाढता तसाच भात त्या वाटीत वाढावा. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात. आपली वाटी १०० ग्रॅमची आहे की १४० ची, हे एकदा कळले की पुढे रोज काटा लागत नाही. तीच वाटी, त्याच उंचीपर्यंत भरली की झाले. पोळ्यांचेही तसेच. कणीक मळताना १०० ग्रॅम पिठाला साधारण ६० ग्रॅम पाणी लागले, तर ५० ग्रॅमच्या लाटीत जवळपास ३१ ग्रॅम पीठ असते आणि त्या पोळीत २० ते २२ ग्रॅम कर्बोदके येतात. आपल्या हाताची लाटी किती वजनाची होते, हे एकदा सलग चार लाट्या तोलून पाहावे. बहुतेक घरांत पहिली लाटी आणि शेवटची लाटी यांत चांगलाच फरक असतो, आणि तो फरक या मुलीच्या साखरेत उतरतो.

याच काट्यावर एक समज पडताळून पाहण्यासारखा आहे. भाकरी म्हणजे मधुमेहाला निर्धोक, असे आपण सगळेच ऐकत आलो. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ३४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, नाचणीच्या तेवढ्याच भाकरीत जवळपास तितकीच, आणि तांदळाच्या भाकरीत ४० च्या घरात. ज्वारी-नाचणीतल्या तंतूंमुळे साखर थोडी सावकाश चढते, हा त्यांचा खरा गुण आहे आणि तो आपल्या यजमानांच्याही उपयोगाचा आहे. पण 'भाकरीच तर आहे' म्हणून ती मोजायची नाही, असे होत नाही. उलट ज्या बटाट्याला आपण घरातून हद्दपार केलेत, त्याच्या १०० ग्रॅममध्ये १५ ते १७ ग्रॅमच कर्बोदके असतात, म्हणजे वजनाला वजन भातापेक्षा कमी. पदार्थ चांगला की वाईट हे विचारत बसण्यापेक्षा तो किती आणि इन्शुलिन कधी, हे विचारलेले बरे.

स्वयंपाक दोघांचा एकच करता येईल, आणि तो तसाच करावा. मुलीसाठी वेगळे पातेले चढले की घरात ती आजारी ठरते, आणि आपल्यावरही कामाचा बोजा वाढतो. आमटी, उसळ, भाजी, कोशिंबीर, मासे हे सर्वांना सारखे असावे. फरक फक्त भाताच्या वाटीत आणि पोळ्यांच्या संख्येत असावा. यजमानांना अर्धी वाटी, तिला तिच्या डोसाप्रमाणे एक किंवा दीड. बांगडा, सुरमई, बोंबील यांत कर्बोदके जवळजवळ नसतातच. मोजायचे ते वरून लावलेले रवा किंवा तांदळाचे पीठ. नारळाच्या वाटणाच्या आमटीलाही घाबरण्याचे कारण नाही, मात्र ती जड असल्याने साखर थोडी उशिरा चढते, एवढे लक्षात ठेवावे. ताटातली कोशिंबीर आणि उसळ आधी व भात नंतर खाल्ला, तर जेवणानंतरची चढण कमी होते, असे दिसून आले आहे, आणि ही सवय काका-भाचीने एकत्र लावून घेण्यासारखी आहे.

सकाळी तिला ठाणे-नेरुळ गाडी गाठायची असते, म्हणजे नाश्ता घाईचा. चाळीस ग्रॅम कोरड्या पोह्यांचे कांदेपोहे म्हणजे सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके. त्यात मूठभर शेंगदाणे आणि वर मोड आलेली मटकी घातली की ते तिला दुपारपर्यंत पुरतात. कधी घावन आणि खोबऱ्याची चटणी, कधी भाजणीचे थालीपीठ व दही, कधी दोन अंड्यांची पोळी आणि त्याबरोबर एक साधी पोळी. नुसता चहा-बिस्किट मात्र नको. 'शुगर फ्री' असे छापलेल्या बिस्किटांतही मैदा असतोच, आणि ती मोजावी लागतातच. डब्यात पोळीभाजीबरोबर रोज एक वाटी उसळ द्यावी, त्यात साधारण १५ ग्रॅम कर्बोदके धरावीत. कॉलेजातून येताना तिला भूक लागते, हे गृहीत धरून पिशवीत फुटाण्यांची किंवा शेंगदाण्यांची पुडी असावी. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत पाचेक ग्रॅम कर्बोदके, तीस ग्रॅम फुटाण्यांत पंधराच्या आसपास. दिसायला मूठ सारखीच, पण हिशेब वेगळा.

वेळेबद्दल एक गोष्ट आपल्याच हातात आहे. जलद काम करणारे इन्शुलिन सहसा जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटे घेतात, जुन्या साध्या इन्शुलिनला अर्धा तास लागतो. तिचे कोणते आहे, हे तिलाच विचारावे. एकदा तिने सुई घेतली की 'काका येईपर्यंत थांबू या' किंवा 'जरा थांब, गरम पोळी टाकते' हे चालणार नाही. ताट तयार झाल्यावर आपण हाक मारावी आणि मगच तिने इन्शुलिन घ्यावे, अशी पद्धत घरात ठरवून टाकावी. आपल्याकडे पाहुणे आले की जेवण तासभर लांबते, त्या दिवशी तर हे विशेष सांभाळावे.

सणावारांचे थोडक्यात. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी 'उपासाची, म्हणजे हलकी' असे धरू नये. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४३ ग्रॅमच्या पुढे कर्बोदके असतात, आणि वरईही पिष्टच आहे. मध्यम आकाराच्या उकडीच्या मोदकात वीस-पंचवीस ग्रॅम धरावेत, आणि आपले मोदक मोठे असतील तर सारणाचा गूळ व उकडीचे पीठ तोलून हिशेब करावा. गुळाला साखरेपेक्षा सौम्य मानण्याला काही आधार नाही. मोजून, डोस धरून खाल्लेला एक मोदक तिला वर्ज्य नाही. तिला कडक उपास करायचा असेल, तर तो डॉक्टरांना विचारूनच, कारण दिवसभर काम करणारे लांब पल्ल्याचे इन्शुलिन जेवण नसले तरी थांबवता येत नाही.

आता साखर उतरली तर काय करावे, ते सविस्तर सांगतो. अशा वेळी वाचायला सवड नसते, म्हणून आधीच ठरवून ठेवावे. साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला आणि ग्लुकोमीटर हाताशी नसला, तर तीन सपाट चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून तिला प्यायला द्यावी. तीन चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम. तेवढीच ग्लुकोज पावडर किंवा दीडशे मिलिलिटर फळांचा गोड रसही चालतो. लाडू, चॉकलेट, पेढा, तूप लावलेली पोळी यांपैकी काही नको, कारण त्यांतले स्निग्ध पदार्थ वाट अडवतात. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे. अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा. ही पंधरा मिनिटे घरातल्यांना फार लांब वाटतात, आणि नेमके तिथेच आपण दुसरा लाडू पुढे करतो. साखर वर आल्यावर, पुढचे जेवण दूर असेल किंवा झोपायची वेळ असेल, तर एक पेला दूध आणि थोडे शेंगदाणे द्यावेत. ती बेशुद्ध असेल किंवा तिला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्धीत साखर वर आणणारे ग्लुकागॉन हे औषध घरात ठेवावे का, हे तिच्या डॉक्टरांना या भेटीतच विचारून घ्यावे. ग्लुकोजची एक पुडी तिच्या उशाशी, एक तिच्या पिशवीत असावी, आणि आपल्या यजमानांनाही ती कोठे ठेवली आहे हे माहीत असावे. पुष्कळ घरांत हे फक्त एकाच बाईला ठाऊक असते आणि नेमकी ती गावाला गेलेली असते.

मेथीच्या पाण्याला माझा विरोध नाही. तिला आवडत असेल तर तिने प्यावे. पण मेथी, कारले, जांभळाच्या बियांची पूड यांपैकी काहीही इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाही. 'हळूहळू सुई सुटेल' असे कोणी सांगू लागले, तर तो विषय आपणच तिथल्या तिथे मिटवावा, कारण भाचीला मोठ्यांपुढे तसे बोलता येणार नाही. टाइप १ मध्ये इन्शुलिन थांबले की शरीर चरबी जाळू लागते, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्लद्रव्ये रक्तात साठतात आणि काही तासांत ते जिवावर बेतू शकते. ताप आला, उलट्या झाल्या, जेवण गेले नाही, तरीही तिने इन्शुलिन आपल्या मनाने बंद करू नये. त्या दिवशी साखर वारंवार तपासावी, शक्य असेल तर कीटोनही तपासावेत, आणि उलट्या थांबत नसतील, श्वास जोरात चालू असेल किंवा पोट दुखत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

राहिला वडापाव. एका वडापावात पाव, बटाटा आणि बेसन मिळून ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदके असतात आणि तळलेला असल्याने साखर उशिरापर्यंत चढत राहते. रोजचे खाणे म्हणून मी तो सुचवणार नाही, तिलाच काय, कोणालाही नाही. पण तिने तो का खाल्ला, याची दोन कारणे मला दिसतात आणि शेजारणीला त्यांपैकी एकही दिसणे शक्य नव्हते. एक तर दुपारचा डबा आपल्या पथ्याने इतका अपुरा होता की संध्याकाळी गाडीची वाट पाहताना तिची साखर उतरू लागली, आणि समोर जे दिसले ते तिने खाल्ले. स्टेशनाचे जिने आणि कॉलेजपर्यंतची पायपीट यांमुळेही साखर खाली जाते, हे आपल्याला घरबसल्या लक्षात येत नाही. दुसरे कारण त्याहून साधे आहे: ती वीस वर्षांची आहे, मैत्रिणींबरोबर होती आणि तिला वडापाव आवडतो. दोन्हींचा उपाय चौकशीत नाही. 'मी तुझा डबा कमी भरते आहे का?' एवढे विचारून पाहावे. वडापाव खाल्लाच, तर त्यासाठी इन्शुलिन कसे घ्यायचे हे डॉक्टरांकडून समजून घेता येते. घरी लपवावे लागले, तर ती वडापाव खाईल आणि त्याचे इन्शुलिन मात्र घेणार नाही. सकाळच्या २८० मागे तेही एक कारण असू शकते.

बहिणीला कळवण्याबद्दल आपण विचारले आहे. भाचीच्या नकळत काही कळवू नये. ती सज्ञान आहे, इतकी वर्षे तिने आपला आजार सांभाळला आहे आणि आपल्या घरात तिला आणखी काही वर्षे राहायचे आहे. 'मला भात चालतो' असे ती म्हणाली तेव्हा ती आपल्याला वैद्यकीय माहितीच देत होती. तिला समोर बसवून तिच्या डोसाचा कागद दाखवायला सांगावा आणि गावी ती किती भात खात असे ते विचारावे. त्यानंतर तिच्या देखत बहिणीला फोन लावावा. तो फोन तक्रारीचा नसावा: घरी भात कोणत्या वाटीने वाढला जात असे, रात्रीच्या दुधाची पद्धत होती का, कोणत्या वेळी तिची साखर उतरते आणि उतरली की ती कशी दिसते, हे विचारावे. काही जणींना आधी चिडचिड होते, काही एकदम गप्प होतात, काहींना काहीच जाणवत नाही, आणि भाचीचे यांपैकी काय आहे, हे तिच्या आईइतके कोणी सांगू शकणार नाही.